महुआघाटची काळी चांदी

१

"काका, पापानं चांदी काळी पडते का जी?"

सदर बाजारातल्या आपल्या पेढीवर विनायकराव सराफांनी बायकांचे नाही नाही ते प्रश्न ऐकले होते. सवतीची पाटली मोडली तर दोष लागतो का, इथपर्यंत. हा प्रश्न मात्र नवा होता. विचारणारी शांता महुआघाटची. रायपूरच्या कडेला, खारुन नदीच्या काठी ती छोटी वस्ती. एकीकडे केवटांचा पारा, म्हणजे मासेमारांचा मोहल्ला, दुसरीकडे विदर्भातून नोकरीपायी आलेल्या मराठी घरांची एक ओळ. राज्य नवं, राजधानी नवी, म्हणून शहर चहूकडे पसरत होतं, पण महुआघाटला अजून कुणी शहर म्हणत नव्हतं.

शांतानं पदराची गाठ सोडली आणि गादीवर मूठभर चांदी ओतली. जोडवी, पैंजण, एक अत्तरदाणी. सगळं काळं.

"आमच्या पुऱ्या लायनीत असंच होऊन राहिलं. गंगाधरभाऊ गेले तेव्हापासून. संध्याकाळ झाली की त्या विहिरीतून गुडगुड आवाज येते. लोकं म्हणतात, तो अजून तिथंच आहे."

गंगाधर वस्तीचं सांडपाणी सांभाळायचा. घराघरातलं घाण पाणी एका झाकणाच्या विहिरीत जमा व्हायचं. तिथून पंपानं हौदात चढायचं, हौदात यंत्र हवा सोडायचं, मग कर्दळीच्या वाफ्यातून निथळून ते पाणी नदीला मिळायचं. दिवाळीच्या पाडव्याला हा गंगाधर नदीत मेलेला सापडला. सणाचा दिवस, कुणी फार खोलात गेलं नाही. पाण्यात सापडला म्हणजे पाण्यानंच मेला.

"पण गोदावरीचं काय करू जी?" शांताचा आवाज उतरला. "त्या दिवशी नवराबायकोचं भांडण झालं. रागात ती बोलून गेली, जा, मर त्या नदीत. अन् तो नदीतच सापडला. तेव्हापासून पोटात अन्न नाही तिच्या. तेरवी झाली की मीही त्याच वाटेनं जातो म्हणते. गंमत नाही करून राहिली काका, मी तिले ओळखते."

शांतानं चिंधीत बांधलेली एक अंगठी वेगळी काढून ठेवली. "ही त्याची. गोदावरीनं देल्ली. विचारून ये म्हणे, पापानं काळी झाली का."

विनायकरावांनी डोळ्याला भिंग लावलं आणि अंगठी उजेडात फिरवून पाहिली. बाकीच्या दागिन्यांवर काळं पातळ चढलं होतं, कडेला पिवळसर झाक होती, म्हणजे ते हळूहळू आलं होतं. या अंगठीवरचं काळं तव्याच्या काजळीगत जाड होतं. हे एका दमात आलं होतं.

"ही काळी कधी झाली?"

"नदीतून काढलं तेव्हाच काळी होती. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाले गोदावरीनं चिंचेनं घासून चकचकीत केली होती."

विनायकरावांनी भिंग खाली ठेवलं. गोदावरीच्या लग्नातली जोडवी त्यांच्याच पेढीवरून गेली होती. हसरी मुलगी होती, भाव करताना आईलाच गप्प बसवणारी.

"शांताबाई," ते म्हणाले, "चांदी पापानं काळी पडत नाही. पडत असती तर हा सदर बाजार केव्हाच कोळसा झाला असता. पण नदीच्या पाण्यानंही ती एका दिवसात काळी होत नाही. गंगाधर नदीत मेलेला नाही."

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते महुआघाटला भेटायला गेले. रिक्षातून उतरले आणि वासानं त्यांचं स्वागत केलं. कुजक्या अंड्याचा वास, गोडसर, घशाला चिकटणारा. गल्लीत दारं-खिडक्या बंद होत्या. एका दारावर लिंबू-मिरची, दुसऱ्यावर लोखंडी नाल, तिसऱ्यावर दोन्ही. मरून गेलेल्या माणसाची एवढी भीती त्याच्या जिवंतपणी कुणी बाळगली नसेल.

गोदावरी भिंतीला टेकून बसली होती. कोपऱ्यात दिवा तेवत होता, दिव्याखाली पीठ पसरलेलं. देव कापडानं झाकून ठेवले होते. कोनाड्यात चांदीचं निरांजन काळं पडून होतं आणि त्याच्या शेजारी तिची काढून ठेवलेली जोडवी, तीही काळी.

"घासत नाही का ग कुणी?" विनायकरावांनी शांताला हळूच विचारलं.

"सुतकात चांदी कोण घासते काका?"

बरोबर होतं. सुतकात देव पारोसे राहतात, तिथे दागिन्यांची काय कथा. गोदावरीजवळ बसून विनायकरावांनी विचारलं, "पोरी, ही जोडवी तू पाडव्याच्या संध्याकाळी उतरवलीस तेव्हा कशी होती?"

तिनं मान वर केली. इतक्या दिवसांत असा प्रश्न कुणी विचारला नसावा. "पांढरी होती," ती म्हणाली. "पांढरीफेक. त्यांचीच अंगठी काळी होती. मले तेव्हाच समजलं. माहं बोलणं लागलं त्यांले."

"भांडण कशावरून झालं?"

"माह्या भावावरून." तिनं दाराकडे पाहिलं. "पराग रिकामा बसून राहिला. ह्यांले म्हटलं, त्याले तिथं कामावर लावा. तर म्हणे, तुह्या भावाले मी त्या विहिरीजवळ फिरकू देणार नाही. रोज तेच. पाडव्याले मी म्हटलं, मग मीही ओवाळत नाही. ताट भरलं होतं, निरांजन लावलं होतं. तसंच ठेवलं. अन् वरून बोललो, जा, मर त्या नदीत." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "निघून गेले. ओवाळून घ्यायचे राहिले."

दारात पराग उभा होता. गंगाधरला मूल नव्हतं, म्हणून क्रियाकर्माला हाच बसला होता. डोक्याचा गोटा, अंगावर पंचा, डोळे खोल गेलेले. सगळे दागिने उतरवले होते, फक्त उजव्या मनगटात एक चांदीचं कडं होतं. लहानपणी आईनं घातलेलं, आता हातातून निघत नव्हतं. दिव्याच्या उजेडात ते चमकलं.

"काका," तो पुटपुटला, "जो गया वो गया. दीदीले आता काही विचारू नका ना."

एवढं बोलून तो मागच्या अंगणात गेला आणि तिथून उलटी केल्याचा आवाज आला. "रोज असंच," शांता कुजबुजली. "जवाई गेल्यापासून."

३

गंगाधरचं वाईट चिंतणारा वस्तीत एकच माणूस होता, असं सगळ्यांचं एकमत होतं. बिसाहू केवट. गंगाधरच्या सांडपाणी केंद्रातून पाणी नीट साफ होऊन येत नाही, मासे मरतात, म्हणून त्याची गंगाधरशी चारचौघांत जुंपली होती. प्रेतही त्यालाच सापडलं. मग काय, गल्लीच्या तोंडाला कोण हात लावणार!

घाटावर तो जाळं विणत बसला होता. विनायकरावांना पाहून उठला नाही.

"तुम भी पूछने आए हो, मैंने मारा क्या?"

"नाही. तू काय पाहिलंस ते विचारायला आलो."

बिसाहूनं सुई थांबवली. पाडव्याच्या सकाळी पाऱ्यातले झाडून सगळे घाटावर होते, गौरा-गौरीच्या, म्हणजे शिवपार्वतीच्या मूर्ती विसर्जित करायला. बाजा, गाणी, गर्दी. दुपार होता होता सगळे गावात परतले, गाईंना खिचडी भरवायला आणि राऊत गवळ्यांचा नाच पाहायला. घाट ओस पडला. ऊन कलल्यावर तो होडी घेऊन निघाला तेव्हा वरच्या अंगाला, बेशरमाच्या झुडपात गंगाधर अडकलेला दिसला.

"तरंगत होता?"

"हव. ऊपर ही था." बिसाहूनं नदीकडे पाहिलं. "सेठ, खारुन में डूबा आदमी पहले नीचे जाता है. दूसरे-तीसरे दिन ऊपर आता है. मेरे बाप ने कितने निकाले, मैंने कितने निकाले. ये सुबह घर से गया और शाम को ऊपर? पेट भी फूला नहीं था. उसने पानी पिया ही नहीं."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

तो हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "केवट बोले कि ये डूबा नहीं, तो पहला सवाल क्या होता? तेरेको कैसे मालूम."

विनायकरावांनी मान डोलावली. प्रेत सापडलं ती झुडपं घाटाच्या वरच्या अंगाला होती. सकाळी गंगाधरनं घाटावरून उडी घेतली असती तर अख्ख्या पाऱ्यानं पाहिलं असतं, आणि प्रेत प्रवाहाच्या उलट चढत नाही. झुडपांच्या मागे चढ होता. त्या चढावर कर्दळीची लाल फुलं दिसत होती आणि फुलांच्या पलीकडे सांडपाण्याची विहीर.

तिथून, भर दुपारी, गुडगुड असा आवाज आला. बिसाहूनं कानाला हात लावला आणि जाळं गुंडाळून तो निघून गेला.

४

केंद्रावर शिशिर भेटला. केंद्र चालवायचा ठेका ज्या कंपनीकडे होता तिचा हा सुपरवायझर. मराठी घरातला, पण बोलणं हिंदीच. यंत्रं बंद होती. हौदातलं पाणी काळंशार साचलं होतं आणि त्यावर मोठमोठे बुडबुडे येऊन फुटत होते.

"भूत-वूत कुछ नहीं अंकल," तो रुमाल नाकाला लावून म्हणाला. "गंगाधर गया, दूसरा आदमी आता नहीं. मशीन बंद है तो पानी सड़ता है, गैस बनती है. वही आवाज है."

"आणि त्याच गॅसनं गल्लीतली चांदी काळी पडते."

शिशिरनं चमकून पाहिलं. "हो सकता है."

"गंगाधर असताना असं नव्हतं?"

"वो मशीन कभी बंद नहीं होने देता था."

"विहिरीत कधी उतरायचा?"

"बिलकुल नहीं. मना है. कचरा फंसे तो ऊपर से, लंबे बांस के हुक से निकालता था. और ये ढक्कन तो दशहरे के बाद खुला ही नहीं. लिख के दे सकता हूँ."

लिहून मागितलंच नव्हतं कुणी. विनायकराव विहिरीपाशी गेले. जाड लोखंडी गोल झाकण, सिमेंटच्या कठड्यात बसवलेलं. त्यावर वाळलेली झेंडूची माळ आणि कुंकवाचं स्वस्तिक. ज्या यंत्रावर पोट चालतं त्याला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुंकू लावल्याशिवाय गंगाधर घरी कसा जाईल? स्वस्तिक त्यानं हात सैल सोडून मोठं काढलं होतं. मधला भाग झाकणावर, टोकं कठड्यावर.

विनायकराव गुडघ्यावर बसले. मग उठले आणि पलीकडून पुन्हा पाहिलं. 

झाकणावरच्या रेघा कठड्यावरच्या टोकांना कुठेच जुळत नव्हत्या. झाकण वीतभर फिरलेलं होतं.

"शिशिर," त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "गंगाधरनं हे काढलं लक्ष्मीपूजनाला. दुसऱ्या दिवशी तो मेला. मग मोडकं स्वस्तिक काय त्यानं मुद्दाम काढलं?"

शिशिर दोन पावलं मागे सरला. रुमाल त्याच्या हातातून खाली पडला तो त्यानं उचललाही नाही.

"झाकण जड आहे. एकट्याला उचलवत नाही. दुसरा कोण होता?"

"मैं आदमी नहीं मारता अंकल," एवढंच तो म्हणाला, आणि स्कूटरकडे चालायला लागला. पण विनायकरावांना दुसरा कोण ते तोवर कळून चुकलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्या घरात आधीच एक माणूस कमी झाला होता.

५

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि सगळे दूर सरून उभे राहिले. कावळा येईना. पुढे होऊन कुणी म्हणालं, गोदावरीला आम्ही सांभाळू. कुणी म्हणालं, केंद्र पुन्हा चालू करू. नदीवर धुकं विरत होतं, वास तसाच होता, आणि आभाळात एक पाखरू नव्हतं.

"त्याची इच्छा राहिली," मागे कुजबुज झाली. पराग पिंडाकडे बघतही नव्हता.

विनायकरावांनी त्याला दंडाला धरून बाजूला, वडाखाली नेलं.

"पराग, मी जे सांगतो त्यात चूक असेल तिथे थांबव." त्यांनी आवाज चढवला नाही. "गंगाधरची अंगठी एका दमात काळी झाली, म्हणजे तो विहिरीतल्या गॅसमध्ये होता. तो कधीच खाली उतरत नसे. मग उतरला, तो कुणासाठी तरी. आत कुणीतरी आधीच होतं. आणि त्या कुणाच्या अंगावर चांदी असेल तर तीही त्याच दिवशी काळी झाली असणार."

परागनं उजवा हात पंचाखाली घेतला.

"लपवू नकोस, मी पाहिलंय. तुमच्या घरात निरांजन काळं, जोडवी काळी, गल्लीत एकीचं पैंजण पांढरं नाही. सुतकाच्या घरात चांदी कुणी घासत नाही. तुझं कडं तेवढं आरशासारखं. खाचांमध्ये टूथपेस्ट वाळून बसली आहे आणि तिच्याखाली ते जाड काळं अजून आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पहिल्या दिवशी फक्त दोन जिनसा काळ्या होत्या, त्याची अंगठी आणि तुझं कडं, म्हणून तू घाबरून घासलंस. मग घासतच राहिलास. वेड्या, तसंच राहू दिलं असतंस तर आठवड्यात सगळ्यांचीच चांदी काळी झाली, त्यात तुझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं."

पराग खाली बसला. कडं त्यानं दुसऱ्या हातानं असं आवळून धरलं जसं काही तेच त्याला ओढून नेणार होतं.

"शिशिर भैया म्हणाला," तो रडत सांगू लागला, "सणाचा कचरा अडकला, पंप जाम आहे. जवाई वरूनच काढतो, दिवस घालवतो. तू उतरून आज काढून दे, उद्यापासून नोकरी पक्की. मले वाटलं दीदीची कटकट मिटेल. दोघांनी झाकण काढलं. मी खाली गेलो अन् हातपायच गेले माहे. वरून जवाईचा आवाज आला. मग ते स्वतः खाली. दोर माह्या कमरेले बांधला, शिशिर भैयाले ओढ म्हटलं, खालून धक्का देल्ला. मी वर आलो. ते नाही आले."

"मग?"

"दोर सोडून तो कचरा काढायचा बांबूचा हुक टाकला. काढलं तेव्हा श्वास नव्हता. शिशिर भैया म्हणे, विहीर म्हटलं तर तू अन् मी दोघंही आत जाऊ. नदी म्हटलं तर कुणीच नाही. दुपारी घाट खाली झाला. कर्दळीच्या वाफ्यापाशी बादल्या ओतून त्यांले साफ केलं... अन् नेऊन ठेवलं." त्यानं तोंड झाकलं. "मले नव्हतं माहीत, दीदी त्यांले नदीत जा म्हणाली होती. घरी आल्यावर समजलं. मग कसं सांगू काका? खरं सांगितलं तर नवराही माह्यापायी गेला अन् भाऊही गेला."

"आणि न सांगितलंस तर बहीणही जाईल. तेरवी तीन दिवसांवर आहे."

घाटावर गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक पांगले. पराग उठला. त्यानं डोळे पुसले नाहीत, तसाच घराकडे चालू लागला. विनायकराव त्याच्या मागे गेले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले.

६

आतून आधी परागचा आवाज आला. मग एक थप्पड. मग दुसरी. शांता आत धावायला निघाली, तिला विनायकरावांनी थांबवलं.

बऱ्याच वेळानं गोदावरीचा आवाज आला. रडून बसलेला, पण तिचाच. "वरून बोलले म्हणतोस. काय बोलले?"

"शिव्या देल्ल्या आधी," पराग म्हणाला.

"मग?"

"दोर बांधताना म्हणाले, चढ पोट्ट्या. तुही दीदी ताट घेऊन बसली आहे. आज मले ओवाळाचं आहे, उद्या तुले."

बाहेर शांतानं तोंडात पदराचा बोळा कोंबला. विनायकराव ओट्याच्या कठड्यावर बसून गल्लीकडे बघत राहिले. लिंबू-मिरच्या वाऱ्यावर हलत होत्या.

तेराव्याला पराग आपल्या पायानं ठाण्यात गेला, आणि त्याच्या सांगण्यावरून दोन शिपाई शिशिरला शोधत निघाले. बिसाहूनं आपल्या होडीला नवा रंग दिला. गल्लीनं त्याची माफी वगैरे मागितली नाही, पण शांता त्याच्याकडून मासे घेऊ लागली. केंद्रावर दुसरा माणूस आला. यंत्र सुरू झालं आणि विहिरीची गुडगुड थांबली. तरी त्या वाटेनं जाताना माणसं चप्पल काढून हात जोडायची. आता भीतीनं नव्हे.

त्यानंतरच्या सोमवारी पेढीच्या पायरीवर सावली पडली. विनायकरावांनी वर पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. गोदावरी होती. वाळली होती, पण आपल्या पायांनी चालत आली होती.

"काका, ह्यांची अंगठी तुमच्यापाशीच राहिली."

"हो ग. बस. पाच मिनिटांत पांढरीशुभ्र करून देतो." त्यांनी पेटीतून अंगठी काढली, ब्रशाकडे हात नेला.

"नाही," ती पटकन म्हणाली आणि तिनं अंगठीवर आपला तळवा ठेवला. "घासू नका जी. हे काळं आहे म्हणून मले माहीत आहे, ते मराले नव्हते गेले. पुसलं तर रात्री मले पुन्हा तसंच वाटन."

विनायकरावांनी ब्रश खाली ठेवला. अंगठीत त्यांनी एक काळा दोरा ओवला, दोन गाठी घातल्या आणि ती तशीच तिच्या हातात दिली.